झाडावरचे वटवाघूळ आणि जमिनीवरचे वटवाघूळ

औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात बारवेजवळच्या जुन्या वडावर तीन-चारशे वटवाघळे राहतात. गेल्या आठवड्यात भर दुपारी त्यांतील काही खाली पडली. चौथीतल्या एका मुलाने त्यांतले एक उचलले आणि त्याच्या मनगटावर नख ओढले गेले. मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग होईल का, या वस्तीत तो रोग आहे की नाही हे तपासून घेता येईल का, आणि गावकरी म्हणतात त्याप्रमाणे धूर करून वस्ती उठवावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मुलाचे आधी सांगतो, कारण बाकीचे विवेचन थांबू शकते. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची असते. हे त्याच दिवशी झाले नसेल, तर आता लस घेण्याचे महत्त्व अधिकच वाढते. आठवडा उलटला म्हणून लस चुकवू नये. या रोगाचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकायला बहुधा काही आठवडे ते काही महिने घेतो आणि तेवढीच आपल्याला मिळालेली मुदत असते. चुना, तिखट, हळद, रुईचा चीक यांपैकी काहीही जखमेवर लावलेले असेल तर ते धुऊन टाकावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. आता लस दंडाच्या त्वचेत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी किंवा स्नायूत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. जखमेत टोचायचे प्रतिपिंडांचे औषध, ज्याला दवाखान्यात सीरम म्हणतात, ते लसीच्या पहिल्या डोसबरोबर किंवा फार तर त्यानंतर सातव्या दिवसापर्यंत द्यायचे असते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल.

केंद्रातील डॉक्टर कदाचित म्हणतील की वटवाघळासाठी लसीची गरज नसते. त्यांचे म्हणणे निराधार नाही. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्षानुवर्षे असेच छापले गेले की, भारतात वटवाघळांमधील रेबीज निर्णायकपणे सिद्ध झालेला नसल्यामुळे त्यांच्या संपर्कानंतर लसीची आवश्यकता नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र वटवाघळाशी झालेला थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात धरते आणि लस व सीरम दोन्ही सुचवते. मी पशुवैद्यक आहे, माणसांचा डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय त्यांचाच. परंतु माझ्या घरातल्या मुलाच्या मनगटावर असे नख लागले असते तर मी दोन्ही घ्यायला लावली असती. त्याचे कारण समजण्यासाठी हा विषाणू वटवाघळांत कसा नांदतो ते पाहावे लागेल.

ज्याला आपण रेबीजचा विषाणू म्हणतो तो लिसाव्हायरस नावाच्या एका मोठ्या कुळातला एक आहे. या कुळात आजवर दीड डझनाहून अधिक विषाणू ओळखले गेले आहेत आणि त्यांतील बहुतेक वटवाघळांतच सापडले आहेत. एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे: कुत्र्यांत असतो तो मूळ रेबीज विषाणू अमेरिका खंडातील वटवाघळांमध्ये सर्रास आढळतो, पण आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील वटवाघळांमध्ये त्याचे भाऊबंद असतात. युरोपातील पहिली नोंद १९५४ ची, जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. १९५६ मध्ये नायजेरियातील लागोस बेटावरच्या फळे खाणाऱ्या वटवाघळांत दुसरा भाऊ मिळाला. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वटवाघूळ चावलेला एक माणूस दगावला आणि तिथून डुवेनहेज विषाणूचे नाव आले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅलिना गावाजवळ आजारी सापडलेल्या एका मोठ्या फलाहारी वटवाघळात आणखी एक सापडला आणि त्याच वर्षी त्याने क्वीन्सलँडमध्ये वटवाघळांची शुश्रूषा करणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर या भाऊबंदांत आणि मूळ रेबीजमध्ये काहीही फरक उरत नाही. शेवट तोच होतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळची नोंद श्रीलंकेची आहे. २०१६ मध्ये तिथल्या वटवाघळांतून गन्नोरुवा नावाचा लिसाव्हायरस प्रसिद्ध झाला. गन्नोरुवा हे कँडी शहराजवळचे ठिकाण. ज्या जातीत तो मिळाला ती म्हणजे तुमच्या वडावर उलटी लटकलेली, तांबूस मानेची, पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास भरणारी भारतीय मोठी वटवाघळेच. भारतात पुरावा विरळ आहे. १९८० मध्ये चंदीगडमधील एका मोठ्या वटवाघळात रेबीज आढळल्याचा अहवाल आहे आणि २०१७ मध्ये नागालँडमधील वटवाघळांच्या रक्तात लिसाव्हायरसला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे म्हणजे विषाणू नव्हे. तो त्या वाटेने कधीतरी येऊन गेल्याची ती खूण. एवढ्या मोठ्या देशासाठी ही सामग्री तुटपुंजी आहे, आणि ‘सिद्ध झालेले नाही’ या शब्दांमागे ‘फारसे पाहिलेच गेलेले नाही’ हेही दडलेले आहे. दिलासा देणारी बाब अशी की गन्नोरुवा आणि ऑस्ट्रेलियातला विषाणू हे दोन्ही ज्या गटात मोडतात तो मूळ रेबीजचाच गट आहे, आणि आपली नेहमीची लस त्या गटाविरुद्ध चालते. लागोसचा विषाणू दुसऱ्या गटातला आहे. त्याच्यापुढे ती लंगडी पडते.

आता वस्तीकडे वळू. वटवाघळे हा विषाणू अंगात मुक्कामाला ठेवतात आणि स्वतः ठणठणीत राहून इतरांना वाटत फिरतात, अशी समजूत शिकलेल्या माणसांतही आढळते. लिसाव्हायरसच्या बाबतीत ती खरी नाही. मेंदूपर्यंत विषाणू पोहोचलेले वटवाघूळ आजारी पडते: त्याला उडता येत नाही, लटकता येत नाही, ते दिवसा भरकटते, किंचाळते, समोर येईल त्याला चावते आणि मरते. विषाणू लाळेत येतो तो याच अखेरच्या काळात, किंवा त्याच्या थोडा आधी. मग जो विषाणू आपल्या यजमानाला मारतो तो वर्षानुवर्षे टिकतो कसा? एक तर संपर्कात आलेली सर्वच वटवाघळे आजारी पडत नाहीत. अनेकांच्या शरीरात विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच आवरला जातो आणि मागे फक्त प्रतिपिंडे राहतात. म्हणूनच एखाद्या वस्तीत प्रतिपिंडे असलेली वटवाघळे पुष्कळ निघतात, पण त्या घडीला विषाणू बाहेर टाकणारे क्वचित एखादे असते. दुसरे म्हणजे विषाणूला अंगात शिरल्यापासून मेंदू गाठायला लागणारा काळ फार कमीजास्त असतो, त्यामुळे एकाचा रोग संपता संपता दुसऱ्याचा सुरू होतो. तिसरे, दरवर्षी पिल्लांची नवी पिढी येते. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, पण वस्तीतल्या बहुतेक माद्या एकाच हंगामात, साधारण माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत वितात, आणि आईकडून आलेले संरक्षण ओसरले की विषाणूला कोरी जमीन मिळते. शेवटचे कारण म्हणजे एका वडावरची वस्ती ही बंद खोली नसते. रात्री ही जनावरे उंबर, पिंपळ, जांभूळ शोधत मैलोन्मैल जातात, दुसऱ्या गावच्या चिंचेवरच्या वस्तीत मिसळतात, आणि एका वस्तीत विझलेला विषाणू शेजारच्या वस्तीतून परत येऊ शकतो.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. ऑस्ट्रेलियात रानातल्या वटवाघळांपैकी १ टक्क्याहून कमी विषाणूग्रस्त असतात असे मानले जाते. तुमच्या झाडावर विषाणू असलाच तर तो इतकाच विरळ असेल असे धरा. मग तीनशे वटवाघळे तपासून सगळी निर्दोष निघाली, तरी आकडेशास्त्र मला एवढेच म्हणू देते की प्रमाण बहुधा १ टक्क्याच्या आत आहे. तीनशे म्हणजे तुमची संपूर्ण वस्ती झाली! शिवाय खात्रीची तपासणी मेंदूच्या ऊतीवर होते, म्हणजे जिवंत जनावर सोडून देऊन ती करता येत नाही. त्यामुळे जगभर या कामाची रीत वेगळी आहे: निरोगी वटवाघळे पकडून मारायची नाहीत, आजारी किंवा मेलेली सापडतील ती तपासायची.

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. झाडावरचे वटवाघूळ आणि जमिनीवरचे वटवाघूळ ही एकाच जातीची असली, तरी धोक्याच्या हिशेबात ती दोन वेगळी जनावरे आहेत. निरोगी वटवाघूळ तुमच्या हाती लागतच नाही. जे लहान मुलाच्या हाती लागते ते आजारी, जखमी, अनाथ किंवा उष्म्याने कोसळलेले असते, आणि आजाऱ्यांत विषाणूचे प्रमाण सर्वसाधारण वस्तीपेक्षा कितीतरी अधिक मिळते. ऑस्ट्रेलियातील एक बळी आठ वर्षांचा मुलगा होता. २०१२ च्या अखेरीस त्याला वटवाघळाने ओरखडले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तो गेला. दुसऱ्या एका स्त्रीला १९९६ मध्ये चावा झाला होता आणि ती १९९८ च्या अखेरीस, दोन वर्षांहून अधिक काळाने गेली. म्हणून ‘आठवडा झाला, पोरगं तर हुंदडतंय’ हे समाधान कामाचे नाही.

तुमच्या गावची वटवाघळे बहुधा रोगाने पडलेली नाहीत, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. लातूर, धाराशिव आणि नांदेड या जिल्ह्यांत मी एकतीस वर्षे नोकरी केली. उदगीरकडच्या एका गावात वैशाखातल्या दुपारी गेलो होतो तेव्हाचे दृश्य सांगतो. पारा चव्वेचाळीसच्या आसपास होता. झाडावरची वटवाघळे शेंड्यावरून उतरून खोडाच्या सावलीत गर्दी करून आली होती. काही पंखांनी वारा घेत होती, काही स्वतःचे पंख चाटून ओले करत होती, तोंडे उघडी होती. बघता बघता एकामागून एक सैल होऊन पडू लागली. एका मेलेल्या मादीच्या छातीला पिल्लू तसेच तोंड लावून चिकटलेले होते, आणि ते सोडवायला एक आजी पदराने हात झाकून पुढे येत होत्या. त्यांना मी ओरडूनच थांबवले, नंतर क्षमा मागितली. तास-दोन तासांत चाळीसेक पडली, संध्याकाळी वारा सुटल्यावर पडझड थांबली. ऑस्ट्रेलियात हवेचे तापमान ४२ अंशांपलीकडे गेले की मोठ्या वटवाघळांचे असे सामुदायिक मृत्यू नोंदले गेले आहेत. एकाच दुपारी अनेक पडणे, ऊन उतरल्यावर थांबणे, ही उष्माघाताची खूण. विजेच्या तारेखाली एकटे पडलेले, पंखाच्या कातडीला जळका डाग असलेले वटवाघूळ तारेला चिकटलेले असते. ऊन नसताना, तारा नसताना, एखादेच जमिनीवर फरपटत असेल आणि काठी पुढे केली तर ती कडकडून चावत असेल, तर माझा संशय विषाणूकडे जातो. परंतु हे सगळे अंदाज आहेत. उष्म्याने पडलेल्या चाळीसांतही एखादे विषाणूग्रस्त असू शकते, आणि डोळ्यांनी पाहून ते ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझीही एक चूक इथे नोंदवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका जुन्या गढीतल्या कचेरीत, भिंतीवरच्या तसबिरीमागून एक अंगठ्याएवढी पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, निघाली. मी ती उघड्या हाताने पकडली आणि खिडकीतून सोडली. तिने चावल्याचे मला कळले ते हात धुताना, साबण झोंबला म्हणून. सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके होते. मी ते कोणाला सांगितले नाही, कारण पशुवैद्यकाने पाकोळी उघड्या हाताने धरली हे सांगायची लाज वाटली. पंधरा दिवसांनी एका वरिष्ठांनी माझी खरडपट्टी काढली तेव्हा लस घेतली. मोठ्या वटवाघळाचा चावा कोणालाही कळतो, पण या लहान, किडे खाणाऱ्या जातींचे दात इतके बारीक असतात की झोपेत चावा झाला तर खूणसुद्धा सापडत नाही. झोपलेल्या लहान मुलाच्या खोलीत पाकोळी सापडली तर ‘चावली नसेल’ असे गृहीत धरू नये.

धूर करण्याबद्दल माझे मत ठाम आहे: करू नये. पेरू देशात रक्त पिणाऱ्या वटवाघळांमधील रेबीज आवरण्यासाठी वर्षानुवर्षे विषारी मलम वापरून त्यांना मारले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या वस्त्यांमध्ये नियमित मारणे चालू होते तिथे विषाणूचा संसर्ग कमी झालेला नव्हता. याचे एक कारण असे की मलमाने प्रौढ वटवाघळे अधिक मरतात आणि संसर्ग अधिक होतो तो पिल्लांना. शिवाय मोकळ्या झालेल्या जागी बाहेरची येतात आणि विस्कटलेली इकडे तिकडे पांगतात. आपल्याकडे रक्त पिणारी जात नाही, पण पांगापांगीचे गणित तेच लागू होते. धुराने वड रिकामा होईल, पण ती चारशे जनावरे शाळेच्या लिंबावर, वाड्याच्या माडीत आणि शेजारच्या गावात जाऊन बसतील. या दिवसांत अंगावर पिल्ले असतील, ती खाली गळतील, आणि ती उचलायला पुन्हा पोरेच धावतील. आज संपर्क एका मुलाचा झाला आहे, धुरानंतर तो किती जणांचा होईल हे तुम्हीच पाहा. कायद्याची बाजूही बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली.

विष्ठेची भीती मनातून काढून टाका. लिसाव्हायरस लाळेतून, चाव्याने किंवा ओरखड्याने, किंवा डोळ्यांत-तोंडात लाळ गेल्याने पसरतो. झाडाखालून जाण्याने, अंगावर लेंडी पडल्याने, बारवेतल्या पाण्याने तो होत नाही. लेण्यांत किंवा किल्ल्याच्या भुयारात साचलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊ नये हे खरे, पण त्याचे कारण बुरशीजन्य आजार आहेत. वटवाघळाने अर्धे खाल्लेले फळ खाऊ नये, हा नियम निपाहसाठी आहे. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत त्याच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मिळाल्या होत्या, आणि तो सर्वस्वी वेगळा विषाणू आहे. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वटवाघळाचे मांस आणि तेल वापरणारी माणसे मात्र मला खऱ्या काळजीची वाटतात, कारण ते काम करताना हात, चाकू, मेंदू आणि लाळ सगळे एकत्र येते.

पडलेली वटवाघळे अजून कोठे पुरली नसतील, किंवा पुढे असे झाले, तर तपासणीसाठी पाठवण्याची तयारी अशी करावी. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवावे. जनावराला काठीने मारू नये, निदान डोके तरी ठेचू नये. मेंदूच गेला तर तपासायला काही उरत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जनावरांचे डोके ठेचलेलेच असते. जाड हातमोजे घालून किंवा फावड्याने ते एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत आणि मग बर्फाच्या डब्यात ठेवावे. फॉर्मलिनमध्ये बुडवू नये. बर्फावर ठेवलेल्या मेंदूची चकाकत्या रंगाची तपासणी बंगळुरूच्या रेबीज प्रयोगशाळांत होते; तिथपर्यंत ते नेण्याची व्यवस्था दवाखान्यामार्फतच करावी. अहवाल येईपर्यंत मुलाची लस थांबवायची नाही. निर्दोष अहवाल त्याच एका जनावराबद्दल बोलतो, आणि मुलाने उचलले होते नेमके कोणते, हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही.

एवढे सगळे वटवाघळाबद्दल लिहूनही हे सांगणे भाग आहे की, आपल्याकडे या रोगाने मरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कुत्र्याच्या चाव्याने मरतो. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याची राष्ट्रीय योजना २०२१ पासून चालू आहे आणि गावातल्या कुत्र्यांना लस देणे हे तुमच्या ग्रामपंचायतीच्या पैशांचे पहिले काम आहे. वडाखाली मेलेली वटवाघळे कुत्री ओढून नेतात, त्यामुळे दोन्ही कामे एकाच जागी येऊन मिळतातच. उन्हाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती दुपारी फवारा मारता आला, तर पडझड कमी होते आणि पोरांच्या हाती काही लागत नाही.

गुरुजी, तुम्ही त्या एकाच मुलाबद्दल लिहिले आहे. उद्या वर्गात, रागावण्याचा सूर न लावता, त्या दुपारी झाडाखाली आणखी कोण कोण होते आणि कोणी कोणी हात लावला हे एकेकाला बाजूला घेऊन विचारा. मी पाहिलेल्या अशा प्रत्येक प्रसंगात उचलणारा एक सांगितला गेला आणि हाताळणारे नंतर तीन-चार निघाले.